टिप्या, मी आणि कासरा

आमच्या मोहोळला डोंगर नाही. सगळं सपाट. ज्वारीची रानं, ऊस, डाळिंबाच्या बागा. डोंगर आम्हाला भेटायचे ते पुस्तकात. चौथीच्या इतिहासातला सिंहगड मात्र तोंडपाठ! १६७० साली तानाजी मालुसऱ्यांचे मावळे घोरपडीला दोर बांधून कडा चढले, ही गोष्ट मी हजारदा ऐकली होती. अभ्यासक तिला दंतकथा म्हणतात, पण तेव्हा मला ती शंभर टक्के खरी वाटायची. घोरपड ओढते, तर आमचा टिप्या का नाही ओढणार?

टिप्या म्हणजे आमचा रानातला कुत्रा. लांब पाय, खपाटीला गेलेलं पोट, वाऱ्यासारखा पळायचा. मी आठवीत असताना मे महिन्यात मामा कांद्याचा टेंपो घेऊन पुण्याला निघाला, तेव्हा मी हट्टच धरला. मला न् टिप्याला सिंहगडावर ने!

टिप्याच्या गळ्यात कासरा बांधायला घेतला, तर आबांनी हात धरला. "आरं, गळ्याला बांधून ओढाय लावलंस तर घसा आवळंल त्येचा. बैल गळ्यानं ओढतो व्हय? खांद्यानं ओढतो." त्यांनी जुन्या खाटेची नवार कापून छातीवरून जाणारा पट्टा शिवला. पाठीवर कडी, कडीला कासरा, दुसरं टोक माझ्या कमरेला. मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा, म्हणजे हिसका बसायला नको. युरोपात कुत्र्याला असंच कमरेला बांधून पळायचा खेळ आहे, 'कॅनिक्रॉस' नावाचा. बर्फ नसतानाही स्लेजच्या कुत्र्यांचा सराव राहावा म्हणून तो सुरू झाला. तिथेही छातीचा पट्टा आणि ताणला जाणारा दोर! हे मला फार पुढे कळलं. आबांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

बाजारातलं काम आटपून आतकरवाडीतून चढायला लागलो, तोवर दहा वाजून गेले होते. पहिला अर्धा तास काय मजा आली म्हणून सांगू! टिप्या पुढे, कासरा ताठ आणि माझे पाय आपोआप वर. मामा मागे धापा टाकतोय. मी स्वतःला तानाजीच समजत होतो.

मग कासरा सैल पडला. टिप्या थांबला. मी "चल रे!" म्हणून हिसका दिला. तो चार पावलं चालला, पुन्हा थांबला. पुन्हा हिसका. असं मी पाच-सहा वेळा केलं. शेवटी तो करवंदीच्या जाळीखाली आडवा झाला. जीभ बाहेर, लाळेच्या तारा, आणि उठेचना.

वाटेवर एक मावशी ताक विकायला बसल्या होत्या. त्या धावत आल्या. "पोरा, आधी दोरी सोड. तू दमलास तर बसशील. त्यानं काय करावं? त्याला गाठ सोडता येती का?"

त्यांनी घागरीतलं पाणी टिप्याच्या पोटावर, पायांवर ओतलं. मग माझा हात उलटा करून कातळावर टेकवला. मी चटका बसून काढून घेतला. माझ्या पायांत कॅनव्हासचे बूट होते. टिप्याचा एक तळवा सोलून निघाला होता.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ काढून धापा टाकणं हाच त्याचा पंखा. रणरणत्या उन्हात ओढायला लावलं, तर तो पंखा पुरा पडत नाही, कुत्रा दगावूसुद्धा शकतो. टिप्या वाचला. धनगर कोकरू घेतात तसं मामानं त्याला खांद्यावर घेऊन खाली आणलं. गड वरच राहिला.

घरी आबांनी त्याच्या तळव्यांना खोबरेल लावलं. मला काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. पुढे कित्येक दिवस नवारीचा पट्टा दिसला की टिप्या खाटेखाली जाऊन बसायचा. मी पट्टा अंगणात ठेवून द्यायचो आणि नुसता शेजारी बसायचो. दिवाळीच्या सुमाराला एकदा तो आपणहून आला आणि त्यानं पट्टा हुंगला.

डिसेंबरात पुन्हा गेलो. उजाडायच्या आत चढायला लागलो. टिप्या थांबला की मी थांबायचो. पुणे दरवाजातून आत शिरलो, तेव्हा ऊन कोवळं होतं. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाल्लं, दोघांनी! उतरताना कासरा कमरेचा सोडून हातात घेतला, कारण उतारावर कुत्र्यानं पुढून ओढलं की माणूस तोंडावर आपटतो.

वाटेत त्याच मावशी भेटल्या. त्यांनी आधी टिप्याचे चारही पाय उचलून पाहिले, मग मला ताक दिलं.