१५२०, सेजविक ॲव्हेन्यू

मुलांच्या आग्रहाखातर आम्ही न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातली ही इमारत पाहून आलो. हायवेलगतची साधीच उंच इमारत, पण हिप-हॉपचं जन्मस्थान! ११ ऑगस्ट १९७३ ला इथल्या हॉलमध्ये सिंडी कॅम्पबेलनं शाळेच्या नव्या कपड्यांसाठी पार्टी ठेवली. तिकीट मुलींना पाव डॉलर, मुलांना अर्धा. रेकॉर्ड लावल्या तिच्या भावानं, डीजे कूल हर्कनं. म्हणजे पैसा तेव्हाही हवाच होता, पण गरजेपुरता. १९८६ मध्ये रन-डीएमसीनं आपल्या आदिदास बुटांवर गाणं केलं, कंपनीनं करार केला. पुढे कितीतरी गाण्यांतून गाड्या-दागिने मिरवू लागले. आणि २००७ मध्ये याच इमारतीतले भाडेकरू परवडणाऱ्या भाड्यासाठी झगडत होते! मंडळी, मुलांना ब्रँडचे बूट घेऊन द्याल, तेव्हा ही इमारतही एकदा दाखवा.