हंडा छान आलाय

माझा उजवा हात आता सकाळी साडेनऊपर्यंतच माझा असतो. नंतर अंगठ्यापाशी बारीक थरथर सुरू होते आणि ब्रशच्या टोकापर्यंत जाताना ती दुप्पट होते. टाक चालतो, कारण टाक कागदाला टेकून असतो. ब्रश अधांतरी. म्हणून गेल्या वर्षी हास्यचित्रांचा संग्रह काढायचं ठरलं तेव्हा मूळ चित्रं साफ करून स्कॅन करायला एक मुलगी ठेवली. चंद्रपूरची, कला महाविद्यालयातून नुकती बाहेर पडलेली. हात चांगला आहे. मला सर म्हणते आणि माझं ऐकत नाही.

चाळीस वर्षांचा पसारा तिने दोन महिन्यांत लावला. नवरा-बायको, ऑफिस, डॉक्टर, गणपती, बेट असे फोल्डर केले. शेवटी एक खाकी पाकीट उरलं. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. आत नऊ चित्रं होती, नऊच्या नऊ हंड्याची.

हंडा म्हणजे काय ते माझ्या वयाच्या वाचकाला सांगायला नको. तीन दगडांवर हंडा, त्यात गळ्यापर्यंत बुडालेला टोपीवाला गोरा साहेब, भोवती भाले घेतलेले काळेकुट्ट नरभक्षक, त्यातल्या एकाच्या केसांत हाड खोवलेलं. खाली एक ओळ. दिवाळी अंकाचं पत्र पावसाळ्यात यायचं तेव्हा चार चित्रं मागितली असली तर त्यात एक बेट आणि एक हंडा मी धरूनच चालायचो.

"सर, हे कुठले लोक?"

"कुठलेच नाहीत. हंड्याचे."

"मग यांना एवढे ओठ कुणी दिले?"

मी तिला लगेच तांत्रिक उत्तर दिलं. तांत्रिक उत्तर हा आमच्या धंद्यातला आडोसा आहे. म्हटलं, बाई गं, तेव्हा जस्ताचा लाइन ब्लॉक असायचा. त्यात काळं किंवा पांढरं, मधलं काही नाही. हाफटोन महाग, संपादक नाही म्हणायचा. बारीक रेघा मारून सावळेपणा दाखवावा तर त्या स्वस्त कागदावर शाई पसरून रेघा भरून यायच्या आणि चेहऱ्याचा चिखल व्हायचा. म्हणून चेहरा सरळ काळा भरायचा. काळा भरला की आतल्या सगळ्या रेषा मेल्या, नाक गेलं, जिवणी गेली. मग डोळे आणि ओठ पांढरे सोडावेच लागतात, आणि बारीक सोडले तर छपाईत बुजतात, म्हणून जाड सोडायचे. यात कुणाचा अपमान नाही, शाईचा स्वभाव आहे.

तिने ऐकून घेतलं आणि पाकीट तसंच बाजूला ठेवलं.

आता कबूलच करायचं तर त्या नऊ चित्रांवर माझा जीव होता. विनोद सामान्य आहेत, त्यातले दोन तर मीच पूर्वी कुठेतरी पाहिलेले. पण काळा! माझ्यासारखा काळा पुण्यात कुणी भरत नसे. तीन नंबरचा ब्रश, शाई दोनदा गाळून घेतलेली, एका दमात कडेपासून आत. वाळल्यावर उजेडात तिरका धरला तरी ब्रशचा माग दिसत नाही. मुंबईचे एक नामांकित व्यंगचित्रकार होते, अजून त्यांची शताब्दी-बिताब्दी साजरी करतात, त्यांचा काळा वाळला की राखाडी व्हायचा आणि कडेला दात पडायचे. त्यांच्या सुनेने मूळ चित्रं दाखवली तेव्हा मला झालेला आनंद शोभण्यासारखा नव्हता.

पण पोरीचा प्रश्न ओठांचा होता आणि ओठ माझे नव्हतेच. ते मी उचललेले होते, आणि ज्यांच्याकडून उचलले त्यांनीही ते उचललेलेच होते. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात गोरे नट तोंडाला जळक्या बुचाची काजळी फासून, ओठांभोवती पांढरं किंवा लाल ठेवून, 'निग्रो' म्हणून रंगमंचावर नाचत. त्यांच्या खेळांना मिन्स्ट्रेल शो म्हणत. पुढे कार्टूनवाल्यांना हा तयार मुखवटा मिळाला. वॉर्नरच्या लूनी ट्यून्सचा पहिला नायक बॉस्को, १९३० चा, अगदी याच घडणीचा. मिकीच्या हातात १९२९ पासून पांढरे हातमोजे आले. कारण तेच, काळ्या अंगावर काळे हात दिसत नाहीत. म्हणजे माझा शाईचा स्वभाव तिथेही होता. पण हातमोजे आणि काजळी फासलेला नट एकाच पेटाऱ्यातले. शाईची अडचण खरी आणि तिचा तोडगा आधीच कुणीतरी शिवून ठेवलेला.

'टॉम अँड जेरी'मधली ती बाई आठवते? फक्त पाय, सपाता, परकर आणि झाडू. १९४० च्या पहिल्याच चित्रपटापासून ती आहे, आवाज लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचा. तिचा चेहरा जवळपास कधीच दिसत नाही. मी चित्रकार म्हणून त्या पायांवर लट्टू होतो. नुसत्या पावलांवरून राग दाखवणं सोपं नाही. पुढे साठच्या दशकात टीव्हीसाठी तिच्या जागी गोरी बाई काढली आणि आवाजही बदलला. मुलगी म्हणाली, "म्हणजे आधी डोकं कापलं, मग पायही." मी म्हटलं, वाक्य चांगलं आहे, लिहून ठेव. ती चिडली.

या लपवाछपवीबद्दल माझी मतं आहेत आणि ती कुणालाच आवडत नाहीत. १९६८ साली युनायटेड आर्टिस्ट्सने वॉर्नरची अकरा कार्टून टीव्हीवर दाखवायची नाहीत असं ठरवलं. त्यांना 'सेन्सॉर्ड इलेव्हन' म्हणतात. त्यात बॉब क्लॅम्पेटचं १९४३ चं 'कोल ब्लॅक' आहे, हिमगौरीचं काळं विडंबन. अडचण अशी की ते ढिगातलं सगळ्यांत जिवंत काम आहे. काय तो वेग, काय ती शरीरं ताणणं! आणि प्रत्येक चेहऱ्यावर तेच ओठ, तीच बत्तिशी. टुकार असतं तर फेकून मोकळा झालो असतो. डिस्नेने २०२० मध्ये 'डंबो', 'पीटर पॅन' वगैरेंच्या आधी इशाऱ्याची पाटी लावली. ठीक. 'फँटेशिया'तली, दुसऱ्या एका अश्वकन्येच्या खुरांना पॉलिश करणारी ती काळी छोकरी मात्र त्यांनी साठच्या दशकात गुपचूप कापली होती, ते मला पटत नाही. वॉर्नरने डीव्हीडीवर लिहिलं की हे तेव्हाही चूक होतं, आजही चूक आहे, पण काढून टाकलं तर असं काही घडलंच नाही म्हटल्यासारखं होईल. हे बरं. आणि हल्लीची पोरं? टॅबलेटवर त्वचेच्या चाळीस छटांची पेटी उघडतात. कुणी दुखावत नाही, कुणी हसत नाही, आणि चाळीस छटांत माणूस एकही नसतो. असो.

२०१४ च्या सप्टेंबरात आपलं यान मंगळाच्या कक्षेत गेलं. त्यावर न्यूयॉर्क टाइम्सने एक व्यंगचित्र छापलं. फेटेवाला शेतकरी गाय घेऊन अंतराळवाल्यांच्या बड्या क्लबचं दार ठोठावतोय आणि आत सुटाबुटातले लोक पेपर वाचत बसलेत. सिंगापूरच्या चित्रकाराचं होतं. मी इतका संतापलो की रात्री उठून एका साप्ताहिकाला पत्र लिहिलं: आमचा शेतकरी, आमची गाय, तुमच्या मनात आमचं एकच चित्र कसं! पेपरने पुढे माफी मागितली. माझं पत्र छापून आलं, त्याचं कात्रण मी जपून ठेवलंय. ज्या माळ्यावर ते आहे त्याच माळ्यावर हे खाकी पाकीट होतं.

तर संग्रहात हंडा घ्यायचा की नाही? प्रकाशक म्हणाला, घ्या, खाली टीप देऊ. मला टीप नको होती. मला एक हंडा नव्याने काढायचा होता, तेच काळं ठेवून, ओठ न देता. जमत नव्हतं, म्हणून तेच करत राहिलो. दीड महिना, रोज साडेनऊपर्यंत.

आधी नुसती बाह्यरेषा काढून बघितली. झाला गोरा. केस कुरळे केले तर कुरळ्या केसांचा गोरा. मग रेघा मारल्या. शुल्ट्झने 'पीनट्स'मध्ये १९६८ च्या जुलैत फ्रँकलिन आणला. लॉस एंजेलिसच्या एका शिक्षिकेने, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर, पत्र लिहून सुचवलं होतं. शुल्ट्झने त्याच्या चेहऱ्यावर तिरप्या रेघा ओढल्या, बस्स. डोळे चार्लीसारखेच दोन ठिपके, तोंडाची तीच एक रेघ. रेघा म्हणजे रंग, बाकी मुलगा. वर्तमानपत्राच्याच कागदावर, आणि रेघा भरून येत नव्हत्या. हे बघून माझा पहिला आडोसा पडला. मी रेघा मारल्या तर माझा माणूस पावसात उभा असल्यासारखा दिसला. हात थरथरतो आणि पाऊस वाकडा पडतो.

मग मुलीने तिच्या फोनवर जॅकी ऑर्म्स दाखवली. कृष्णवर्णीय बाई, १९३७ पासून 'पिट्सबर्ग कूरियर'मध्ये चित्रमालिका काढायची, पुढे 'पॅटी-जो अँड जिंजर' हे एका चौकटीचं सदर. हिने चेहरे काळे भरलेच नाहीत. केसांची ठेवण, मान वळवण्याची तऱ्हा, कोटाचा कट, कमरेवरचा हात. बघणाऱ्याला कळतं कोण आहे, आणि तिच्या वाचकाला कळायचा प्रश्नच नव्हता. ज्या वर्षांत वॉर्नरवाले ओठ सोडत होते त्याच वर्षांतली ही शाई. मी म्हटलं, तिचं सोपं होतं, ती तिची माणसं होती. मुलगी म्हणाली, "तेच तर." मी चहा मागवला.

'द स्पिरिट'वाला विल आयस्नर, ज्याच्या पावसाची मी आयुष्यभर नक्कल केली, त्यानेही १९४० मध्ये एबनी व्हाइट नावाचा ओठाळ, बटबटीत डोळ्यांचा पोरगा काढला. स्वतः ज्यू असलेला हा माणूस म्हातारपणी डिकन्सच्या फॅगिनची बाजू मांडायला बसला, त्याचं पुस्तक २००३ मध्ये आलं, आणि प्रस्तावनेत त्याला आपल्या एबनीचा विषय काढावा लागला. तोवर ऐंशी पार केली होती त्याने. मी सत्तरीत आहे, म्हणजे अजून वेळ आहे असं मी मुलीला सांगितलं. तिला हसू आलं नाही.

व्यंगचित्रकला शिकवताना मी नेहमी सांगतो, अर्कचित्र म्हणजे अर्क, आणि अर्क काढायला आधी पाला लागतो. माझे नरभक्षक कशाचे अर्क होते? इंद्रजाल कॉमिक्समधल्या मँड्रेकचा लोथार, मॅटिनीतली कार्टून, 'पंच'चे जुने अंक. अर्काचा अर्क. मूळ पाला कुणी पाहिलाच नव्हता.

हेही खोटं आहे. पाहिला होता.

१९७८ साली आम्ही सदाशिव पेठेतल्या वाड्यात राहायचो. मागच्या अंगाला वरच्या दोन खोल्यांत केनियाचे दोन विद्यार्थी भाड्याने होते. पुण्यात तेव्हा आफ्रिकेतले बरेच विद्यार्थी असत, सायकलीवरून कॉलेजला जाताना रोज दिसत. त्याच वर्षी पितृपक्षावरच्या चित्रासाठी मला कावळा हवा होता, म्हणून मी सलग तीन सकाळी ओंकारेश्वरापाशी वही घेऊन बसलो. कावळा पिंडाकडे कसा तिरका येतो, मान राखाडी असते, पंखावर पांढरी चकाकी नेमकी कुठे पडते, ते पाहिलं. आर. के. लक्ष्मण यांचे कावळे समोर होतेच, पण म्हटलं, आपला कावळा आपण बघावा. पूर्ण काळा भरला आणि चकाकीची एकच जागा सोडली. डोळा, चोच, चोरटेपणा, सगळं त्या काळ्यात राहिलं. तोच ब्रश, तीच शाई, तोच जस्ताचा ब्लॉक. चित्र गाजलं.

त्या दिवाळीचा हंडा मी कावळ्याच्याच आठवड्यात काढला. पाटावर वाळत होता तेव्हा वरच्या दोघांतला उंच होता तो सायकलचा पंप मागायला आला. मी चित्र झाकलं नाही. झाकावं असं सुचलंही नाही, उलट कुणीतरी बघावं म्हणून जरा सरकून बसलो. तो वाकून पाहत राहिला. खालची ओळ मराठीत, ती त्याला वाचता येणार नव्हती. मग म्हणाला, "द पॉट इज व्हेरी गुड." पंप घेऊन गेला.

हंडा खरंच छान आला होता. तांब्याला आलेले पोचे मी आईच्या बंबावरून घेतले होते. इतकी वर्षं मी हा किस्सा परदेशी माणसाची दाद म्हणून सांगत आलो, दोनदा जाहीर मुलाखतीत. मुलीला सांगायला लागलो आणि दादेच्या जागी पोचलो तसा अडखळलो. ती काही बोलली नाही. मान खाली घालून खोडरबराचा चुरा झटकत राहिली.

दुसऱ्या दिवशीपासून हंडा सोडला आणि त्याला काढायला बसलो. दारात उभा, किंचित वाकलेला, हातात पंप. पंप पहिल्या फटक्यात आला: लाकडी मूठ, तळाशी पाय ठेवायची लोखंडी पट्टी, रबरी नळीला गुंडाळलेली सुतळी. दाराची कडी आली. चौकटीला वाकलेली पाठ बरी आली. ओठ कसे होते? जाड, बारीक? त्याला मिशी होती? आई त्याला आपल्या सोयीचं एक नाव घेऊन हाक मारायची. ते त्याचं नाव नव्हतं, एवढंच आठवतं.

काल मुलगी म्हणाली, सर, सोमवारी फाइल छापखान्यात जाणार. मी म्हटलं, पाकीट राहू दे, हे एक घे. तिने कागद उजेडात धरला.

"चेहरा राहिलाय."

"हो."

"पेन्सिलीने तरी काहीतरी टाका."

सव्वानऊ झाले होते. मी ब्रश धुवायला घेतला.