तास, फुरसत आणि मधला वेळ

मराठी लघुनिबंध शिकवताना एक शब्द टाळता येत नाही. तो म्हणजे फुरसत. ना. सी. फडके यांच्या 'गुजगोष्टी' असोत किंवा अनंत काणेकरांची १९३४ सालची 'पिकली पाने' असोत, या लेखनाची वैशिष्ट्ये सांगताना आपण आत्मपरता, खेळकर वृत्ती, क्षुल्लक विषयातून आशयाकडे जाणे, वाचकाशी स्नेह्यासारखे बोलणे असे मुद्दे सांगतो. विद्यार्थी ते उतरवून घेतात आणि परीक्षेत बिनचूक लिहितात. परंतु या सर्व मुद्द्यांच्या मुळाशी असलेले एक गृहीत कोणत्याही मार्गदर्शकात छापलेले नसते. लिहिणाऱ्याजवळ मोकळा वेळ आहे आणि तो वेळ त्याला स्वतःचा वाटतो, हे ते गृहीत. एखादी वस्तू हातात घेऊन ती उलटसुलट पाहावी, तिच्यावरून भलतेच काही आठवावे, मग सावकाश मूळ मुद्द्यावर यावे, एवढी उसंत त्याला असते.

फडके कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्यांच्या निबंधांतील निवांतपणाला त्या स्थिर जीवनाचा आधार होता असे म्हटले तर त्यात त्यांचा उणेपणा नाही. वि. स. खांडेकरांचे उदाहरण थोडे वेगळे आहे. १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे ते शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते आणि ते दिवस काही सुखवस्तूपणाचे नव्हते. तरीही पुढच्या जूनमध्ये आपण याच शाळेत असू, इतकी खात्री त्यांना असावी. मला हा प्रश्न सुचण्याचे कारण अगदी साधे आहे. मी हा वाङ्मयप्रकार तासावर शिकवते.

'तासावर' हा शब्द येथे शब्दशः घ्यायचा आहे. आमच्या व्यवसायात 'तासिका तत्त्व' नावाची एक व्यवस्था आहे. महाविद्यालयात विषयाचा कार्यभार असतो, पद मात्र भरलेले नसते. तेव्हा तो कार्यभार तासांमध्ये मोडून आमच्यासारख्यांना वाटला जातो. जितके तास घेतले तितक्यांचे मानधन. आजारपण, गणपती, दिवाळी, उन्हाळा या दिवसांत तास नसतात, म्हणून मानधनही नसते. दर जूनमध्ये नव्याने अर्ज, नव्याने मुलाखत. मी सेट उत्तीर्ण आहे, वयाची चाळिशी ओलांडली आहे आणि सध्या आठवड्याचे पहिले तीन दिवस शिरूरला व उरलेले तीन दिवस दौंडला शिकवते. घर शिरूरला. दोन तालुके, दोन हजेरीपत्रके, आणि दोन्हीकडे 'आमच्या मॅडम' म्हणणारी मुले. या शेवटच्या बाबीचा मला अभिमान आहे, हेही सांगून टाकते.

दौंडचे तीन दिवस पहाटे सुरू होतात. शिरूरच्या स्थानकावर एस.टी. लागते. शिरूर नावाची गावे महाराष्ट्रात अनेक. म्हणून आमच्या गावाला आजही 'घोडनदी' हे जुने नाव जोडून ओळखावे लागते. बस न्हावऱ्यावरून पारगावकडे जाते. पारगावजवळच्या पुलावर भीमा ओलांडली की शिरूर तालुका संपतो आणि दौंड तालुका लागतो. पुण्याचे पाणी पोटात घेऊन आलेली मुळा-मुठा अलीकडेच रांजणगाव सांडसला भीमेला मिळालेली असते, त्यामुळे पुलावरून पाहताना पुष्कळदा पाण्यापेक्षा जलपर्णीच अधिक दिसते. हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्यांमागे बस रेंगाळते आणि केडगाव जवळ येऊ लागले की गुऱ्हाळांचा गोडसर, किंचित करपलेला वास खिडकीतून आत येतो. केडगावला मी उतरते आणि पुण्याहून येणाऱ्या गाडीने दौंडला जाते.

मार्च २०२३ मध्ये महिलांना एस.टी.चे तिकीट निम्मे झाले तेव्हा माझ्या महिन्याच्या हिशेबात पहिल्यांदा काही शिल्लक दिसली. बसमधली गर्दीही बदलली. आधी न दिसणाऱ्या बायका दिसू लागल्या: लेकीकडे निघालेल्या, दवाखान्यात निघालेल्या, आणि एक तर केवळ बहिणीला बघून संध्याकाळी परतणारी. "हाफ तिकीट झालं म्हणून जाते, नाहीतर दिवाळीलाच भेट व्हायची," असे ती म्हणाली. तिच्या हातात पिशवी नव्हती, काही काम नव्हते. एवढ्या वर्षांत त्या बसमध्ये मला भेटलेली फुरसत असलेली ती बहुधा एकमेव व्यक्ती.

केडगावला बस आणि गाडी यांच्यामध्ये वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत कितीही वेळ जातो. हा वेळ कोणत्याही हजेरीपत्रकात येत नाही. तो घरचा नाही आणि महाविद्यालयाचाही नाही. सुरुवातीची काही वर्षे मला त्याचा राग येत असे. पुढे तिथल्या बाकावर बसून मी निबंध तपासू लागले, टिपणे काढू लागले, क्वचित स्वतःसाठी वाचूही लागले. मराठीचा अभ्यास करणाऱ्या माणसाने केडगावला वाट पाहावी हा योग तसा चांगला आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले, ते पुढे पुण्याला आले, आणि दुष्काळ-प्लेगाच्या त्या दशकाच्या अखेरीस केडगावला त्यांची मुक्ती मिशनची वसाहत उभी राहिली. शेकडो स्त्रिया आणि मुले यांचे अन्न, औषध, शिक्षण सांभाळत त्यांनी येथे हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल मराठीत आणले. सामान्य बाईला कळेल अशी मराठी असावी, हा त्यांचा आग्रह होता. ग्रंथाची छपाई येथल्याच छापखान्यात झाली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या वाङ्मयेतिहासात या कामाला मिळणाऱ्या ओळी मोजक्याच असतात. मला मात्र बाकावर बसल्यावर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. इतके मोठे भाषिक काम ज्या दिवसांत झाले, त्या दिवसांत फुरसत नव्हती.

गेल्या सत्रात तृतीय वर्षाच्या वर्गाला मी अंतर्गत मूल्यमापनासाठी एक लघुनिबंध लिहायला सांगितला. विषय खुला ठेवला. अपेक्षेप्रमाणे पाऊस, आई आणि मोबाइल यांवरचे निबंध ढिगाने आले. काही शब्दशः सारखे होते. त्यांच्यात एका विद्यार्थिनीचा निबंध होता. ती भीमेकाठच्या एका गावातून केडगावला येते आणि माझ्याच गाडीने दौंडला जाते. शीर्षक होते 'लाईट येईपर्यंत'. त्यांच्या शेतीपंपाला आठवड्यातून काही दिवस रात्रीची वीज असते. वडिलांना दम्याचा त्रास, भाऊ लहान, म्हणून दारे धरायला वडिलांबरोबर ती जाते. उसात बिबट्या असतो, त्यामुळे एकट्याने जायचे नाही हा घरातला नियम. वीज ठरल्या वेळी येतेच असे नाही. मग मोटारीच्या खोलीबाहेर दोघे बसून राहतात. वडील बोलत नाहीत, कारण बोलले की खोकला येतो. ती मोबाइलच्या उजेडात पुस्तक काढते, पण बॅटरी जपायची असते, म्हणून एक परिच्छेद वाचून उजेड बंद करते आणि तो परिच्छेद अंधारात मनाशी घोळवते. आपल्याला अभ्यासातले जे काही नीट समजले ते या पद्धतीनेच समजले, असे तिने लिहिले होते. शेवटी पाणी पहिल्या सरीत शिरल्याचा आवाज आणि वडिलांचे 'आलं' एवढेच म्हणणे.

शुद्धलेखनाच्या चुका होत्या. 'दारे धरणे' हा शब्दप्रयोग तिने आधी खोडून 'पाणी व्यवस्थापन' असे लिहिले होते आणि नंतर तेही खोडून पुन्हा 'दारे धरणे' लिहिले होते. त्या दोन खाडाखोडींसाठी मी तिला मनातल्या मनात जादा गुण दिले. ज्या वाङ्मयप्रकाराची वैशिष्ट्ये मी तिला शिकवली होती त्यांतील बहुतेक सगळी त्या निबंधात होती. फक्त मुळाशी असलेले ते गृहीत नव्हते. येथे लिहिणारीजवळ मोकळा वेळ नव्हता. अडकलेला वेळ होता.

त्यानंतर एका सकाळी गाडीत ती माझ्या शेजारी येऊन बसली. पाटस मागे पडल्यावर तिने विचारले, "मॅडम, एम. ए. मराठीला घेऊ का? घरी बी. एड. कर म्हणतात." मी काही म्हणण्याआधीच तिने दुसरा प्रश्न विचारला, "तुम्ही पर्मनंट आहात का?"

मी "नाही" म्हणाले. मग वहीच्या मागच्या पानावर तिला हिशेब मांडून दाखवला. आठवड्याचे तास, वर्षातले प्रत्यक्ष शिकवण्याचे आठवडे, प्रवासाचा खर्च, मानधन हातात येईपर्यंत जाणारे महिने. सेट-नेटचा अभ्यास, पदभरतीच्या बातम्या आणि त्या बातम्यांनंतरची शांतता. ती शेतकऱ्याची मुलगी. आकडे तिला माझ्याहून लवकर कळले. "म्हणजे उसापेक्षा बेभरवशाचं," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "मग तुम्ही का करता?"

या प्रश्नाला आपल्याकडे एक तयार उत्तर असते. भाषेची सेवा, विद्यार्थ्यांचे प्रेम, ज्ञानाचा आनंद. त्यातले शेवटचे दोन माझ्यापुरते खरेही आहेत. परंतु हे उत्तर माझ्या तोंडून निघाले असते तर पुढे ते तिच्यावर उगारले गेले असते, हे मला दिसत होते. कमी मोबदल्यात काम करून घेणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेला अशी उत्तरे फार आवडतात. म्हणून मी तिला एवढेच सांगितले, "मला हे चांगले जमते, आणि हे जमणारी माणसे लागतात. पण लागतात म्हणून ती फुकट मिळावीत असे नाही. दोन्हीकडचे अर्ज भर." दौंड आले. मनमाड, सोलापूर, बारामती अशा तिन्ही दिशांच्या गाड्यांची घोषणा एकामागून एक चालू होती आणि ती गर्दीत पुढे निघून गेली.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनात वाङ्मयीन रूप घेऊन राहिला आहे. कष्टाच्या मधल्या वेळेत निर्माण झालेले साहित्य मराठीला नवे नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. त्यांतील पुष्कळ पुणे जिल्ह्यातल्या आहेत. पहाटे दळण दळताना रचलेल्या या ओव्यांत दुःख आहे, थट्टा आहे, भावाचे कौतुक आहे, सासरचा हिशेब आहे. आत्मपरता हवी तितकी आहे. फुरसतीच्या लघुनिबंधाच्या शेजारी ही दुसरी परंपरा ठेवून शिकवली तर 'लाईट येईपर्यंत' लिहिणाऱ्या मुलीला आपण कोणाच्या पंगतीत बसलो आहोत हे कळेल. पुढच्या सत्रात, तास मिळाले तर, मी तसे शिकवणार आहे.

मात्र येथे एक निसरडी जागा आहे आणि आपण साहित्याची माणसे तिथे सहज घसरतो. ओवीला फुरसत लागली नाही, यावरून दळणाऱ्या बाईला फुरसत नको होती असा अर्थ निघत नाही. तिला ती मिळाली असती तर तिने आणखी काय रचले असते हे आपल्याला कधीच कळणार नाही. पिठाची गिरणी आल्यावर ओव्या संपल्या म्हणून हळहळणारे लेख मी वाचले आहेत. त्यांपैकी एकाही लेखकाने रोज पहाटे दोन पायली दळून पाहिले नसावे. तसेच त्या मुलीच्या शेताला दिवसा वीज मिळावी, मग तो निबंध लिहिला गेला नसता तरी चालेल, असे मला मनापासून वाटते. दिवसा पाणी देऊन, रात्री झोपून, सकाळी उजेडात सलग वीस पाने वाचून ती जे लिहील ते वाचायची मला अधिक उत्सुकता आहे. केडगावच्या बाकानेही मला काही दिले, हे मी नाकारत नाही. पण त्या देण्याची पावती म्हणून पुढची दहा वर्षे तिथेच बसून राहायला मी तयार नाही.

तिने दोन्ही अर्ज भरले आहेत, काय होते ते निकालानंतर दिसेल. माझी मुलाखत नेहमीप्रमाणे जूनमध्ये. वर्गातल्या चौसष्ट निबंधांपैकी एकेचाळीस तपासून झाले आहेत आणि तेवीस राहिले आहेत; उद्याची गाडी थोडी उशिरा आली तर त्यांतले चार-पाच आणखी होतील.