उमरेडच्या बाई जमिनीखाली गेल्या!

गॅसवर चहा ठेवलाय का? बंद करा! आधी माझं ऐका! मी रशिया पाहून आले! मी! नागपूरला जायचं म्हटलं तरी जिला आदल्या रात्री झोप लागत नाही, ती मी मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग पाहून परवा घरी आले आणि अजून बॅग उघडलेली नाही, कारण बॅग उघडली की कपडे धुवावे लागतील आणि कपडे धुतले की सहल संपली!

आधीच सांगते, मला इतिहास येत नाही. वास्तुकला कळत नाही. रशियन भाषेतला एकच शब्द पाठ केला होता, 'स्पासिबा', म्हणजे धन्यवाद, आणि तो मी रस्त्यावरच्या सिग्नललाही म्हणाले! तेव्हा माझ्या ज्ञानावर जाऊ नका. फक्त सोबत या.

उमरेडहून निघाले तेव्हा ऊन असं की कुत्रीसुद्धा कूलरच्या मागे बसलेली. आणि मॉस्कोत उतरले तर तोंडातून वाफ! मे महिन्यात! आपला वसंत म्हणजे पळस फुलला, गळला, झालं. त्यांचा आत्ता कुठे सुरू झालेला! एक पांढऱ्या फुलांचं झाड दिसलं, चेर्योमुखा. ते फुललं की थंडी थोडे दिवस परत येते, असं तिथले लोक मानतात. मी तर खात्री करूनच आले, दोन स्वेटर घालून!

क्रेमलिन पाहिलं, रेड स्क्वेअर पाहिला, सगळे पाहतात ते सगळं पाहिलं. संत बासिलचं ते रंगीत कळसांचं चर्च आहे ना, ते इव्हान द टेरिबलने 1555 ते 1561 मध्ये बांधवून घेतलं म्हणे. माणूस भयंकर आणि चर्च असं, जसं जत्रेतल्या मिठाईच्या दुकानावर कुणीतरी कळस चढवलेत! आणि झार घंटा! जवळजवळ 200 टनांची! आणि ती कधी वाजलीच नाही! 1737 च्या आगीत तडकली आणि साडेअकरा टनांचा तुकडाच निघाला. तुकडा! साडेअकरा टनांचा! मी त्याच्याशेजारी उभी राहून फोटो काढला आणि फोटोत मी बारीक दिसते! आयुष्यात पहिल्यांदा!

पण खरं सांगू? मला वेड लागलं ते जमिनीखाली.

मॉस्कोची मेट्रो! 1935 पासूनची! आता उमरेडकरांना खड्ड्याचं काय कौतुक? आमच्याकडे कोळशाची उघडी खाण आहे, जमीन खोल खोदलेली आम्ही रोज बघतो. पण खाली जाऊन झुंबरं लावायची, हे आम्हाला कधी सुचलं? कोम्सोमोल्स्काया स्टेशनवर उतरले आणि मला वाटलं आपण चुकून राजवाड्यात आलो, आता कुणीतरी हाकलणार! पिवळं छत, सोनेरी चित्रं, संगमरवर, आणि त्याखाली बाया भाजीच्या पिशव्या घेऊन निवांत चाललेल्या! कुणी वर बघतसुद्धा नाही! आणि मग पार्क पोबेदी स्टेशनचा सरकता जिना. 126 मीटर लांब! तीन मिनिटं लागतात! मी गणपतीची आरती मनात म्हणायला घेतली, आरती संपली आणि जिना चालूच!

लक्षात घ्या, हे कोण बोलतंय. जिचं बालपण नागपूर-नागभीड नॅरो गेजमध्ये गेलं! अडीच फुटांचे रूळ, आणि गाडीला इतका वेळ की पोट्टे खाली उतरून बोरं तोडून परत चढायचे असं आमचे भाऊ सांगतात (भाऊंचं निम्मंच खरं धरायचं). ब्रॉड गेज करायची म्हणून ती गाडी 2019 मध्ये बंद झाली. आणि इथे गर्दीच्या वेळी दीड-दीड मिनिटाला गाडी! एक चुकली म्हणून हळहळायला तोंड उघडावं तर दुसरी आलेली!

आणि आता ऐका, हे तर कुणी सांगितलंच नव्हतं! गाडी शहराच्या मध्याकडे जात असेल तर स्टेशनचं नाव पुरुषाच्या आवाजात, आणि बाहेरच्या बाजूला जात असेल तर बाईच्या आवाजात! म्हणजे कामावर बोलावणारा साहेब आणि घरी नेणारी बायको, असं तिथे गमतीनं म्हणतात. मी तीन वेळा नुसती खात्री करायला उलटसुलट फिरले! आणि मग क्रांती चौकाचं स्टेशन, तिथे 76 ब्राँझचे पुतळे, त्यात एक कुत्रा, आणि येणारा-जाणारा त्याचं नाक चोळतो, नशीब उघडतं म्हणून. बाकी कुत्रा काळपट आणि नाक सोन्यासारखं लख्ख! मीही चोळलं. आपला बजरंगबली शेंदराने चमकतो, यांचा कुत्रा हाताने!

आणि मग पीटर्सबर्ग. गाडीने चार तास, आणि चार तासांत जग बदललं! 1703 मध्ये पीटर राजाने दलदलीत वसवलेलं शहर, आणि रात्री दहा वाजता लख्ख उजेड! मी जेवायचंच विसरले, कारण संध्याकाळ झाली असं वाटेचना! मध्यरात्रीनंतर नेवा नदीवरचे पूल मधोमध उघडून वर उठतात, जहाजांना वाट द्यायला, आणि लोक काठावर उभे राहून पाहतात, जशी आपल्याकडे मिरवणूक पाहतात. बाजारात एक छोटी मासळी आली होती, कोर्युश्का. तिला काकडीचा वास येतो! देवाशप्पथ! मासळीला काकडीचा! मी शाकाहारी, पण वास घ्यायला तीनदा गेले, मासळीवाली हसायला लागली. हर्मिटाज संग्रहालयात म्हणे 30 लाखांवर वस्तू आहेत. मी पाहिल्या असतील दोनशे. पण तळघरात मांजरं आहेत! उंदरांसाठी, अठराव्या शतकापासून! हे ऐकल्यावर माझं चित्रांकडे लक्षच लागेना.

आणि जवळचाच पीटरहॉफ राजवाडा! राजेहो, तिथल्या कारंज्यांना पंप नाही! एकही नाही! रोप्शाच्या उंचवट्यावरून 22 किलोमीटरचा कालवा खोदून आणला, पाणी आपल्या उतारानेच येतं आणि सिंहाचा जबडा फाडणाऱ्या सॅमसनच्या पुतळ्यातून 20 मीटर उंच उडतं! तीनशे वर्षं! छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीची आठवण झाली, तिथेही डोंगरातलं पाणी असंच नळांतून आणलंय. आणि आमच्या घरी मोटार लावल्याशिवाय पहिल्या मजल्यावर थेंब चढत नाही! मी अर्धा तास तिथेच उभी होते, ओली होऊन.

शेवटच्या दिवशी विमानासाठी परत मॉस्कोला. हातात तीन तास. गाइड म्हणाली, तुम्ही महाराष्ट्रातल्या ना, मग चला, आणि घेऊन गेली परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात, रुदोमिनो बाईंच्या नावाचं. आणि तिथे कोण? आपले शाहीर अण्णा भाऊ साठे! मॉस्कोत! 2022 मध्ये बसवलेला पुतळा! मला एकदम बोलताच येईना, आणि हे माझ्या बाबतीत किती दुर्मिळ आहे हे आमच्या ह्यांना विचारा.

कारण मला काहीच माहीत नव्हतं! वाटेगावचा मुलगा, शाळा जेमतेम दीड दिवसाची, वडिलांबरोबर चालत मुंबई गाठली, महायुद्धाच्या काळात स्टालिनग्राडवर पोवाडा रचला, शहर न बघता! आणि मग 1961 मध्ये स्वतः रशियात! आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या शहराचं नावच बदललं, व्होल्गोग्राड झालं! पोवाड्यातलं गाव नकाशावरून गेलं आणि पोवाडा राहिला! मी तर ई-व्हिसा काढून, चकल्यांचा डबा घेऊन गेलेली बाई.

घरी आल्याबरोबर अण्णा भाऊंचं 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक मागवलं. काल आलं. कूलरसमोर बसून वाचतेय, पण दोन पानं झाली की उठते, कुणाला तरी फोन करते, परत बसते. तेव्हा तुम्ही एक काम करा. तुमच्याकडे नेट आहे ना? मॉस्कोहून व्होल्गोग्राडला गाडी किती तासांची, तेवढं बघून सांगा. आणि ह्यांना सांगू नका!