चावी फिरवा, आत या!

तुमच्या ऑफिसात ‘ती’ एक्सेल शीट आहे का हो? तीच ती, ‘बग लिस्ट फायनल’. मग ‘फायनल टू’. मग ‘फायनल टू न्यू’. प्रत्येकाच्या मशीनवर वेगळी आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटणारी! आमच्याकडे होती. बाणेरला आमचं नऊ जणांचं छोटंसं ऑफिस. सॉफ्टवेअर करतो, चहा भरपूर पितो आणि २०२४ च्या पावसाळ्यापर्यंत प्रोजेक्टचा सगळा हिशोब ती शीट आणि एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप यांवर चालवत होतो.

तसं कुणाचं काही अडत नव्हतं. अडत होतं ते आमच्या टेस्टरचं. सांगलीची मुलगी, पहिलीच नोकरी. ती बग शोधायची, ग्रुपवर टाकायची आणि तो मेसेज कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकांखाली गडप व्हायचा. पंधरा दिवसांनी तोच बग क्लायंटला दिसला की मीटिंगमध्ये सगळ्यांच्या माना तिच्याकडे. ‘टेस्टिंगमध्ये सुटलं वाटतं!’ असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा ती जिन्यात मला गाठून म्हणाली, ‘ताई, मी सांगितलं होतं हो. पण आता दाखवू कुठून?’ सप्टेंबरमध्ये तिचं कन्फर्मेशन होतं. प्रोबेशनवरच्या मुलीचा शब्द आणि सीनियर डेव्हलपरचा शब्द, यात वजन कुणाच्या शब्दाला असतं हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता, या दुखण्यावर औषध नाही असं थोडंच आहे? बग नोंदवायची टूल्स कधीपासून आहेत. मोझिलावाल्यांचं बगझिला १९९८ मधलं. जिरा २००२ मध्ये आलं. त्याचं नाव गॉडझिलाच्या जपानी नावावरून, ‘गोजिरा’वरून घेतलंय, कारण ते बनवणारे आधी बगझिला वापरायचे. (हा किस्सा लंच टेबलवर हमखास चालतो, ट्राय करा.) पण क्लाउडवरचं टूल घ्यायचं तर आमच्या क्लायंटची अट अशी की त्यांचा डेटा ऑफिसबाहेर जाता कामा नये. जिराच्या स्वतःच्या मशीनवर ठेवायच्या ‘सर्व्हर’ आवृत्तीचा सपोर्ट तर फेब्रुवारी २०२४ मध्येच संपला होता. राहिलं रेडमाइन. २००६ पासूनचं, फुकट, ओपन सोर्स, दिसायला जरा सरकारी; पण काम चोख.

फक्त ते इन्स्टॉल करणं म्हणजे डोक्याला ताप. त्याला रूबी लागतं, तेही ठरावीकच व्हर्जनचं. मग त्याची ‘जेम्स’, मग डेटाबेस, मग वेब सर्व्हर. एकाला हवं ते दुसऱ्याला चालत नाही. आदल्या वर्षी आमच्या एका उत्साही मित्राने दोन शनिवार घातले होते यात. तिसऱ्या शनिवारी तो सिंहगडावर गेला आणि विषय संपला.

इथे एन्ट्री होते रेडीमेड व्हर्च्युअल मशीनची! फंडा सोपा आहे. तुमच्या कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा एक काल्पनिक कॉम्प्युटर चालतो. त्याची अख्खी डिस्क, म्हणजे लिनक्स, डेटाबेस, वेब सर्व्हर आणि रेडमाइन, सगळं कुणीतरी आधीच लावून, जुळवून एका फाइलमध्ये बांधून ठेवलेलं असतं. प्लॉट घेऊन घर बांधायचं नाही, फर्निश्ड फ्लॅटची चावी घ्यायची. २००८ मध्ये सुरू झालेल्या ज्या प्रोजेक्टचं रेडमाइन मी घेतलं त्याचं नावच टर्नकी लिनक्स आहे: चावी फिरवा, आत या.

आमचं नेटवर्क बघणारे काका गुरुवारी येतात. त्यांना विचारून कोपऱ्यात धूळ खात पडलेला आठ जीबी रॅमचा डेस्कटॉप मागून घेतला. शुक्रवारी साडेपाचला त्यावर व्हर्च्युअलबॉक्स टाकलं, टर्नकीची ओव्हीए फाइल उतरवली, ‘इम्पोर्ट अप्लायन्स’ म्हटलं आणि स्टार्ट. पहिल्यांदा चालू होताना ते पासवर्ड ठरवायला लावतं, रूटचा, डेटाबेसचा आणि रेडमाइनच्या अ‍ॅडमिनचा. मग सिक्युरिटी अपडेट्स टाकू का विचारतं. हो म्हणा. शेवटी स्क्रीनवर एक आयपी अ‍ॅड्रेस येतो, तो शेजारच्या मशीनच्या ब्राउझरमध्ये टाकला की रेडमाइन हजर! सातला मी वडापाव खात होते.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. नेटवर्क ‘ब्रिज्ड’ आहे ना ते बघा. ‘नॅट’वर असेल तर ते मशीन बाकीच्यांना दिसणार नाही आणि ते म्हणतील चालतच नाही. आणि एम-वन किंवा त्यापुढच्या चिपचं मॅकबुक असेल तर या वाटेला जाऊ नका, या फाइल्स इंटेल-एएमडीच्या मशीनसाठी असतात. बाकी, फ्लॅट फर्निश्ड असला तरी मेंटेनन्स तुमचाच. स्नॅपशॉट घेतला म्हणजे बॅकअप झाला असं समजणारे खूप भेटतात. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की दोन्ही गेलं. मी दर शुक्रवारी पूर्ण मशीन एक्स्पोर्ट करून बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवते.

सोमवारी टीमने नाकं मुरडली. ‘आता हेपण भरायचं?’ टेस्टरने कुणाशी वाद घातला नाही. ती नुसती नोंदवत गेली. प्रत्येक बगला नंबर, स्क्रीनशॉट आणि कुणाकडे दिलाय त्याचं नाव. स्टेटस कुणी, कधी बदललं तेही रेडमाइन आपोआप तारीख-वेळेसकट लिहून ठेवतं.

ऑगस्टच्या शेवटी क्लायंटचा कॉल. बिलात टॅक्स दोनदा लागत होता. कॉल संपल्यावर सर तिच्याकडे वळले, ‘हे कसं सुटलं?’ तिने लॅपटॉप फिरवला. ‘सर, नंबर ४७.’ एकोणीस दिवसांपूर्वीची नोंद होती. चार दिवसांनी कुणीतरी तिचं स्टेटस ‘रिजेक्टेड’ केलं होतं, खाली दोन शब्द: ‘नॉट रिप्रोड्यूसिबल’. नाव शेजारीच होतं. खोलीत एसीचा आवाज तेवढा ऐकू येत होता. सरांनी खालपर्यंत वाचलं, आणि त्या सीनियरला एवढंच विचारलं, ‘चेक करताना कुठला डेटा घेतला होतास?’ पुढची वीस मिनिटं आम्ही बिलाबद्दल बोललो. तिच्याबद्दल नाही.

सप्टेंबरमध्ये ती कन्फर्म झाली. आता कुणी तिच्या टेबलाशी जाऊन ‘अगं, ते जरा बघ ना’ म्हणालं की ती मान वर न करता विचारते, ‘नंबर काय?’ सरांनाही विचारते. त्यामुळे सरांनी स्वतः एक तिकीट काढलंय, मीटिंग रूममधला एसी आवाज करतो म्हणून. नंबर ११२. काकांच्या नावावर आहे, स्टेटस अजून ‘न्यू’.