साखळीचा हिशेब

सन २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, तेव्हा सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली होती. बाजारपेठेतील आमचे दुकान आणि मागचे गोदाम कित्येक दिवस पाण्याखाली होते. आमचा व्यवसाय पॅकिंगच्या साहित्याचा. पूर ओसरल्यावर शटर वर केले, तेव्हा कागदाचा लगदा झाला होता, पुठ्ठ्याची खोकी हात लावताच सुटून येत होती, सुतळीच्या गुंड्यांना कुजका वास सुटला होता. एका कोपऱ्यातील माल मात्र शाबूत होता. वरचा गाळ धुऊन काढताच आतील प्लॅस्टिकच्या पिशव्या कोऱ्या करकरीत निघाल्या.

खरे सांगायचे तर त्या पिशव्या तेथे असायलाच नको होत्या. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने अशा पिशव्यांवर बंदी घातली आणि विल्हेवाटीची मुदतही त्याच वर्षी जूनमध्ये संपली. परंतु बंदी आज ना उद्या शिथिल होईल, या आशेवर मी काही माल मागे सारून ठेवला होता. बाकी सर्व गेले असता तोच वाचलेला पाहून मला आनंद झाला, हेही कबूल केले पाहिजे.

माझी पुतणी त्या वर्षी अकरावी विज्ञानाला गेली होती. साफसफाईला ती आमच्याबरोबर होती. तिने विचारले, “काका, सगळे कुजले, मग यालाच काही कसे झाले नाही?”

“माल चांगला आहे म्हणून,” मी म्हणालो. व्यापाऱ्याला शोभेल असेच ते उत्तर होते. तिचे समाधान झाले नाही.

पुढे हिवाळ्यात तिच्या रसायनशास्त्रात हायड्रोकार्बनचा धडा आला. संध्याकाळी ती दुकानात गादीशेजारी बसून अभ्यास करी. मी वाणिज्य शाखेचा माणूस. कार्बन म्हणजे बिलबुकातला कागद एवढीच माझी ओळख. एके दिवशी जुन्या बिलाच्या कोऱ्या बाजूवर तिने मला साखळ्या काढून दाखवल्या, आणि त्या साखळ्यांत मला आमच्या घराण्याची तीन पिढ्यांची वही दिसू लागली.

कार्बनच्या अणूला जणू चार हात असतात. त्यांतील काही हातांनी तो दुसऱ्या कार्बनला धरतो आणि उरलेल्या हातांत हायड्रोजन घेतो. एकटाच कार्बन असला तर मिथेन, म्हणजे गोबरगॅसमध्ये जळणारा वायू. तीन आणि चार कार्बनांचे प्रोपेन व ब्युटेन आपल्या स्वयंपाकघरातील सिलिंडरमध्ये दाबाखाली द्रवरूपात असतात. साखळी जसजशी लांब होते, तसतशी ती शेजारच्या साखळीला अधिक बिलगते आणि पदार्थ सहजासहजी वायुरूप होत नाही. म्हणून त्याहून लांब साखळ्यांचे पेट्रोल द्रव असते. सुमारे दहा ते सोळा कार्बनांचे ते रॉकेल. माझे आजोबा ते डब्यातून मापाने विकत. विसाच्या पुढे गेले की मेण. त्याच्या मेणबत्त्या आमच्या दुकानात दिवाळीला येत. घटक तेच दोन, केवळ साखळीची लांबी निराळी.

“आणि आपली पिशवी?” मी विचारले.

“हजारो कार्बन, काका.”

पिशवीचा जन्म इथिलीन या वायूपासून होतो. फळांच्या व्यापाऱ्यांना तो ठाऊक आहे. आंबा, केळी पिकताना स्वतःच तो सोडतात. त्यात दोनच कार्बन असतात, पण त्यांनी एकमेकांना दोन-दोन हातांनी धरलेले असते. त्यांतील एक पकड सुटली की दोन्ही कार्बनांचा एकेक हात मोकळा होतो आणि शेजाऱ्याला धरतो. अशी रांग वाढतच जाते. १९३३ साली इंग्लंडमध्ये नॉर्थविच येथे इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीतील गिब्सन आणि फॉसेट हे दोन रसायनशास्त्रज्ञ प्रचंड दाबाखाली इथिलीनवर निराळाच प्रयोग करीत होते. पात्रात त्यांना मेणासारखा पांढरा पदार्थ आढळला. तेच पॉलिथिलीन. पुढे १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झिग्लर यांनी ते अल्प दाबात करण्याची रीत शोधली. पहिल्या रीतीच्या साखळीला फांद्या फुटलेल्या असतात, त्यामुळे माल मऊ व विरळ होतो. दुसरीची साखळी सरळ असते, ती दाटीने बसते आणि माल कडक होतो. मऊ एलडी आणि कुरकुर वाजणारी एचएम यांतला फरक मी तीस वर्षे बोटांनी ओळखत आलो होतो. त्याचे कारण त्या दिवशी कळले.

परंतु मूळ प्रश्न उरलाच होता. कागदही लांब साखळीचाच बनलेला असतो. मग तो कुजला आणि पिशवी का नाही? पुतणीने आपल्या शिक्षकांना विचारून त्याचे उत्तर आणले. कागदातील आणि गवतातील सेल्युलोज ही ग्लुकोजच्या कड्यांची साखळी आहे. दोन कड्यांच्या मध्ये ऑक्सिजनचा सांधा असतो आणि नेमका तो सांधा कापणारी विकरे अनेक बुरशींजवळ व जिवाणूंजवळ असतात. गायीच्या पोटातील जिवाणू हेच काम करतात, म्हणून गवताचे तिला पोषण मिळते. पॉलिथिलीनमध्ये मात्र कार्बनला कार्बन, पुन्हा कार्बनला कार्बन. मध्ये सांधाच नाही. रॉकेलची साखळी आखूड असल्याने मातीतील काही जिवाणू तीही हळूहळू पचवतात. पिशवीची साखळी त्यांच्या शरीरात शिरण्याइतकी लहान नाही आणि बाहेरून कापता येण्याजोगी नाही.

गायीचे नाव निघाले आणि मी गप्प झालो. आमच्या घरातून दरवर्षी पांजरपोळाला देणगी जाते. आजोबांपासूनची ती प्रथा आहे. उकिरड्यावर चरणाऱ्या गायींच्या पोटातून पिशव्यांचे गोळे निघतात, हे मी ऐकून होतो. परंतु ज्या पोटात गवताचे दूध होते, त्याच पोटात माझा माल जसाच्या तसा पडून राहतो, हे मला कोणी असे उलगडून सांगितले नव्हते. एकाच वहीत एका पानावर देणगी आणि दुसऱ्या पानावर तिचे कारण, असा तो हिशेब होता.

दुसरी गोष्ट मला व्यापारी म्हणूनच उमगली. गिऱ्हाईक नेहमी पातळ पिशवी मागे, कारण माल किलोने मिळतो आणि पातळ असेल तर नग जास्त बसतात. मीही तीच खपवली. पण कचरा वेचणाऱ्या बाईलाही माल किलोनेच विकायचा असतो. पातळ पिशव्या शेकड्यांनी वेचाव्या तेव्हा कोठे वजन भरणार! म्हणून ती जाड प्लॅस्टिक उचलते आणि पातळ पिशवी तशीच सोडते. ज्या गुणाने माझ्याकडे माल खपला, त्याच गुणाने तो उकिरड्यावर बेवारस झाला.

त्या रात्री जेवताना मी अण्णांना, म्हणजे वडिलांना, सांगितले की कोपऱ्यातील माल काढून टाकायचा आहे. ऐंशीच्या दशकात पिशव्यांचा धंदा त्यांनीच सुरू केला होता. ते रागावतील असे वाटले होते. त्यांनी फक्त विचारले, “दाणा करणारा काय भाव देईल?” मी सांगितला. खरेदीच्या मानाने तो अगदीच किरकोळ होता. अण्णा थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, “नुकसान वहीत लिही. पुरात गेला असे लिहू नकोस.”

मी तसेच लिहिले. माल वितळवून पुन्हा दाणा करण्यासाठी गेला. तोही कायमचा उपाय नव्हे. प्रत्येक वेळी तापवताना काही साखळ्या तुटतात आणि माल कमकुवत होत जातो.

आज आम्ही कागदी व कापडी पिशव्या ठेवतो. प्लॅस्टिक घरातून गेले आहे असा माझा दावा नाही. दूध, तेल, औषधे त्यातूनच येतात आणि तेथे त्याचा टिकाऊपणा उपयोगाचाही आहे. मात्र नवा माल घेताना भाव, वजन आणि उधारीचे दिवस यांच्या जोडीला मी आता आणखी एक प्रश्न विचारतो : गिऱ्हाइकाचे काम संपल्यावर हा कोठे जाईल? पुतणीने साखळ्या काढलेले ते बिल मी त्या वर्षीच्या वहीत, नुकसानीच्या नोंदीशेजारी लावून ठेवले आहे.