सासऱ्यांची चाल

तीन पत्तीवर वाढलेल्या माणसाला पोकरमध्ये कॉल करायची खोड असते. दिवाळीच्या डावात चाल द्यायची, नाहीतर पॅक व्हायचं; चाल दुप्पट करणारा विरळा. नो-लिमिट होल्डेममध्ये समोर असतील तेवढे चिप्स एका दमात लावता येतात, आणि डोकेदुखी तिथेच सुरू होते.

जुलैत आम्ही लवासाला, दासव्यात उतरलो होतो. पाऊस असा की वरसगावचा जलाशयही दिसेना. पैसे लावायचे नाहीत, हरेल त्याने भांडी घासायची, असं ठरलं. ज्या गावाचं काम २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने थांबवलं आणि २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेलं, तिथे पैशाचा डाव कोण मांडणार, असं मेहुणा म्हणाला.

माझ्याकडे इस्पिक एक्का आणि इस्पिक पंजी. टेबलावर इस्पिक राजा, इस्पिक सत्ती, चौकट तिर्री. पॉट १२०. सासऱ्यांनी ८० लावले. न दिसलेल्या ४७ पानांत ९ इस्पिक. पुढच्याच पानाला फ्लश लागायची शक्यता १९ टक्के. ८० टाकून २०० मिळवायचे तर २८-२९ टक्के तरी हवी. नुसत्या आकड्यांनी कॉल तोट्याचा.

पुस्तकी उत्तर रेझ. समोरच्याने पानं टाकली तर पॉट तिथेच आपला, नाही टाकली तरी इस्पिक यायची आशा उरते. मेहुणा समोर असता तर मी बेधडक २४० केले असते; तो दोनदा चष्मा पुसतो आणि पानं टाकतो. सासरे मात्र गावच्या क्लबात रमी खेळून मुरलेले. पानं टाकणं त्यांना अपमान वाटतो. जो पळतच नाही त्याला भीती काय घालायची? तिथे रेझ म्हणजे दोन पानांत मिळून ३५ टक्क्यांच्या भरवशावर पॉट फुगवणं.

पण त्याच स्वभावामुळे कॉल परवडतो. फ्लश लागल्यावर त्यांच्याकडून आणखी १४० निघाले की हिशोब बसतो, आणि ते १४० वर थोडेच थांबणार! मी ८० सरकवले.

चौथं पान इस्पिक दुर्री. सासऱ्यांनी १५० लावले. आता गप्प कॉल करून सापळा रचायचा मोह होतो. मेहुण्यासमोर रचलाही असता. पण पाचवं पानही इस्पिक निघालं तर सासरेसुद्धा बिचकतील, आणि त्यांच्याकडे दोन जोड्या असल्या तर फुल हाउस व्हायची धास्ती. देणारा आत्ता देतोय, तर आत्ताच घ्यावं. मी सगळे चिप्स आत सारले.

"वाढवलंत? बघू या की." त्यांनी राजा आणि तिर्री उलटी केली. शेवटचं पान किलवर नव्वी.

"जावईबापू, मघाशी वाढवलं असतंत तरी मी दिलंच असतं," चिप्स माझ्याकडे ढकलत ते म्हणाले.

आतून सासूबाईंनी विचारलं, भांडी कोण घासतंय? डाव अजून संपलेला नाही म्हणून सासऱ्यांनी ओरडून सांगितलं आणि मेहुण्याकडून उसने चिप्स घेतले.